मिरजेतील जवारीचे काम: दर्जा अव्वल, वायदा बेभरवशाचा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका जुन्या दुकानात मी माझे दोन तंबोरे दुरुस्तीला दिले होते. ते परत आल्यानंतर एक अख्खा पावसाळा उलटला आहे, त्यामुळे त्या कामाविषयी आता खात्रीने लिहिता येईल. काम अव्वल दर्जाचे आहे, दर वाजवीपेक्षाही कमी आहेत आणि कबूल केलेल्या तारखेला वाद्य हातात पडेल अशी आशा कोणी धरू नये, हा माझा एकंदर अभिप्राय. दुकानाचे नाव मात्र येथे देत नाही. मी अभिप्राय लिहिणार असल्याचे सांगताच दुकानाच्या वयस्कर मालकांनी कामावरची नजर न काढताच म्हटले, "ताई, नाव नका घालू. लोक येणार, मी नाही म्हणणार, मग तेच लोक नावं ठेवणार." नवे गिऱ्हाईक नको म्हणणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला. त्यामागचे कारण हाच या सेवेतला सर्वांत मोठा दोष आहे, म्हणून त्याविषयी पुढे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम कामाविषयी. दोन तंबोऱ्यांपैकी एक माझ्या गुरूंकडून माझ्याकडे आलेला, काळी चार पट्टीचा जनानी तंबोरा आहे. त्याच्या भोपळ्याला तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, सांध्याजवळून खाली जाणारी चीर गेली होती, आणि तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तारांनी इतके खोल चरे पाडले होते की तार कितीही सुरेल लावली तरी नाद पुढे न सरकता जागच्या जागी विझत असे. दुसरा तंबोरा अलीकडचा, त्याची फक्त जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची नेमकी घडण, गेलेली होती. पुण्यात एक-दोन ठिकाणी तारा बदलून आणि घोडी जराशी घासून पाहिली होती. त्याने आवाज मोठा झाला, पण त्यातला गोडवा निघून गेला.

दुकानात वाद्य ठेवल्यावर मालकांनी, म्हणजे उस्तादांनी, तारा छेडण्यापूर्वी भोपळ्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी हलकेच टकटक केले. चिरेजवळ येताच आवाज बद्द झाला आणि चीर दिसते त्यापेक्षा बोटभर पुढे गेली आहे, असे त्यांनी तिथल्या तिथे खडूने खूण करून दाखवले. तबली उघडल्यावर ते खरे निघाले. भोपळ्याला आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवून बळकटी दिली, बाहेरून लाकडाचा भुसा आणि सरस यांचे मिश्रण भरून जागा घासून घेतली आणि त्यावर पॉलिश चढवले. भोपळाच बदलून टाकू का, असे मी विचारले होते. त्यांनी साफ नकार दिला. या आकाराचा, इतक्या जाड सालीचा जुना भोपळा आता मिळणे कठीण, असे त्यांचे म्हणणे पडले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. ते वेलावरच पक्के होऊन नंतर नीट वाळावे लागतात आणि खाण्याच्या कामाचे नसतात, त्यामुळे एखाद्या वर्षी पाऊस अवेळी आला की शेतकऱ्याचे पीक आणि मिरजेचा पुढचा हंगाम दोन्ही एकदम बुडतात. नवा भोपळा विकून दुकानदाराला जास्त पैसे मिळाले असते, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवते.

आता जवारी. ज्यांचा तंबोऱ्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तबलीवर जी रुंद घोडी बसवलेली असते तिचा माथा वरवर पाहता सपाट, पण प्रत्यक्षात अतिशय सूक्ष्म उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकत आणि सुटत राहते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वर एकामागोमाग एक उमलत जातात. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या, तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार हा त्याच करामतीचा परिणाम. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जे लिहिले त्यात या घोडीची दखल घेतली होती. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर उठायला नकोत तेही येथे ऐकू येतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा हा सारा खेळ तोलून धरतो. वर्षानुवर्षांच्या वापराने तारेखाली घोडीला चरे पडले की उतार बिघडतो, आणि तो पुन्हा घडवणे म्हणजे जवारी काढणे.

हे काम मला शेजारी बसून पाहू दिले. माझ्या जुन्या तंबोऱ्याला नवी हाडाची घोडी बसवायची ठरली. पूर्वी या कामाला हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी ते दिवस संपले आणि आता हाड, काळे लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ यांवर काम चालते. उस्तादांनी घोडीवर बारीक कानस दोनतीनदा फिरवली, बोटाने भुकटी पुसली, तार चढवली, सुरात आणली, छेडली आणि लगेच उतरवली. पुन्हा कानस, पुन्हा तार. प्रत्येक खेपेला कानस किती कमी फिरत होती हे पाहण्यासारखे होते. शेवटी शेवटी तर कानस बाजूला पडली आणि गुळगुळीत झालेल्या पॉलिश पेपरचा एक तुकडा बोटाखाली धरून केवळ स्पर्श केल्यासारखे घासणे चालू राहिले. जोडाच्या, म्हणजे मधल्या एकाच षड्जात लावलेल्या, दोन तारा माझ्या कानाला अगदी सारख्या लागल्या होत्या, तरी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ही लवकर बोलते, तिला थांबवायला पाहिजे." पुढच्या घासण्यानंतर त्या दोन तारांचा नाद एकमेकांत असा मिसळला की कोणती तार आधी छेडली ते कळेना. मी बरीच वर्षे गाणे शिकते आहे आणि शिकवतेही, पण तो फरक झाल्यावरच मला ऐकू आला. होण्याआधी तो त्यांना ऐकू आला होता. ते स्वतः गात नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे.

घासताना जास्त गेले की परत येण्याची सोय नाही, घोडीचा माथा खाली उतरवून सगळे पहिल्यापासून करावे लागते. शिवाय प्रत्येक वाद्याचा भोपळा, तबलीची जाडी, तारांचा गेज आणि गाणाऱ्याची पट्टी निराळी असल्याने एका घोडीचे माप दुसऱ्या घोडीला चालत नाही. त्यामुळे हे काम यंत्रावर टाकता आलेले नाही, आणि यूट्यूबवरची चित्रफीत पाहून घरी करण्याचाही हा प्रकार नाही. काही गायक आपली जवारी आपण काढतात, हे मला माहीत आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचे तंबोरे अखेर मिरजेलाच येतात, असे उस्ताद हसत म्हणाले.

परिणाम उत्कृष्ट आहे. खर्ज भरीव आणि लांब चालणारा झाला आहे, पंचमाची तार पूर्वी कर्कश वाटायची ती आता मागे राहून आधार देते, आणि दोरा थोडा पुढेमागे झाला तरी नाद एकदम कोसळत नाही. भर पावसाळ्यात, हवेत ओल असताना, तंबोरा रोज काढून रियाज केला. चीर पुन्हा उघडली नाही. नवी घोडी, भोपळ्याची दुरुस्ती, दोन्ही वाद्यांची जवारी, नव्या तारा आणि पॉलिश मिळून खर्च साडेसहा हजारांच्या आसपास आला. शहरात लॅपटॉपचा पडदा बदलायला याहून जास्त पैसे पडतात.

आता तक्रारी. वाद्य ठेवून घेताना वहीच्या पानावर नाव आणि फोन नंबर एवढेच लिहून घेतले. काय बिघडले आहे, काय करायचे ठरले, किती खर्च येईल, यातले काहीही कागदावर आले नाही. पाऊणशे वर्षांचे वाद्य परक्या गावी सोडून येताना हातात काही असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. फोन क्वचितच उचलला जातो. कानस हातात असताना फोन घेतला तर घोडी बिघडते हे कारण मला पटले, पण मग संध्याकाळची एखादी वेळ ठरवून देता येईल. भोपळ्याच्या दुरुस्त केलेल्या भागावरचे पॉलिश मूळ रंगापेक्षा किंचित गडद झाले आहे. उजेडात ते जाणवते. एक खुंटी सुरुवातीला सरकत होती, तिला खडू लावून मी ती बसवली. या साऱ्या बारीकसारीक गोष्टी आहेत. खरा प्रश्न विलंबाचा होता. गणपतीपूर्वी देतो म्हणून सांगितलेले तंबोरे दिवाळी उलटून गेल्यावर मिळाले, आणि मधल्या काळात एक कार्यक्रम मला मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर निभावून न्यावा लागला.

विलंबाचे कारण आळस किंवा बेपर्वाई असते तर मी येथे तसे स्पष्ट लिहिले असते. दुकानात भिंतीला टेकून उभे असलेले तंबोरे आणि सतारी पाहिल्या तर कारण आपोआप कळते. त्यांत धारवाड-हुबळीकडची वाद्ये होती, मुंबईची होती, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने सुट्टीत येताना बरोबर आणलेला तंबोराही होता; तिकडच्या घरांत हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या हवेने त्याची तबली तडकली होती. एवढ्या कामाला जवारी काढणारे हात म्हणजे स्वतः उस्ताद, त्यांचे धाकटे भाऊ आणि अजून शिकत असलेला एक पुतण्या. लाकूडकाम, दांडी जोडणे, नक्षी, पॉलिश ही कामे वाटून देता येतात आणि त्यासाठी माणसे कशीबशी मिळतात. जवारी वाटून देता येत नाही. भावांना चाळिशी लागून बराच काळ झाला आहे, आणि एका भावाच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्याने दसऱ्याच्या सुमारास काम पुरते थांबले होते, हे मला नंतर समजले.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग अ‍ॅप आले, आणि त्यामुळे हा धंदा बसला, असे आपण सहज बोलून जातो. नव्या तंबोऱ्यांची विक्री त्यामुळे घटली, हे गल्लीतले लोकही मान्य करतात. पण दुरुस्तीचा हिशोब वेगळा आहे. आज घराघरांत, संगीत विद्यालयांत, मंदिरांत जे तंबोरे आहेत त्यांची जवारी वापराप्रमाणे उतरणारच, आणि दर काही वर्षांनी ती कोणाला तरी काढावीच लागणार. काम संपले म्हणून कारागीर संपत आहेत असे नाही. काम दारात उभे आहे आणि ते उचलायला माणूस नाही. गवंडी, प्लंबर, चांगला वायरमन यांच्या बाबतीत शहरांत आपण जो अनुभव घेतो तोच येथे आहे. एवढेच की प्लंबर मिळाला नाही तर लोक आरडाओरड करतात आणि जवारीवाला मिळाला नाही तर अ‍ॅप लावतात.

माणूस का मिळत नाही, याचे उत्तर मिरजेतच मिळते. मिरज हे पूर्वापार दवाखान्यांचे गाव आहे. १८९४ मध्ये सुरू झालेल्या वॉन्लेस रुग्णालयापासून ती परंपरा चालत आली, आणि आज दहावी-बारावी झालेल्या मुलाला लॅबमध्ये, औषधाच्या दुकानात, एक्स-रे विभागात महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी मिळू शकते. शेजारी कुपवाडची एमआयडीसी आहे. उलट जवारी शिकायची तर पहिली काही वर्षे खुंट्या घासणे, सरस उकळणे, तारा ओवणे यांतच जातात, त्याचे पैसे नाममात्र मिळतात आणि घोडीला हात लावण्याची परवानगी कधी मिळेल हे उस्तादांच्या मर्जीवर असते. पुढेही मिळकत नगावर. पुतण्याच्या वर्गातल्या मुलांपैकी एकही या कामात आला नाही, आणि त्याचे लग्न जमवताना "काय करतो" या प्रश्नाचे उत्तर देणे घरच्यांना जड जाते, असे त्याच्या काकांनी माझ्यासमोर सहज बोलून दाखवले.

ज्यांच्या पूर्वजांनी एकदा पूर्ण धंदा बदलून दाखवला, त्या लोकांवर ही वेळ आली आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम आटले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग निर्मितीकडे मोर्चा वळवला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांच्या मिरजेतील वास्तव्याने त्या कामाला गिऱ्हाईक आणि पारखी दोन्ही लाभले. खाँसाहेबांचे निधन १९३७ मध्ये झाले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाणे होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाची नक्कल करणाऱ्यांना आळा बसेल, परदेशी गिऱ्हाइकाला खात्री वाटेल. पण कानस धरणारा नवा हात मानांकनाने तयार होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. त्या १८ व्यवसायांत शस्त्रे घडवणारा आहे, वाद्ये घडवणारा नाही. म्हणजे शिकलगारांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडलेला धंदा सरकारच्या यादीत आहे आणि त्यांनी धरलेला नाही. सुतार या सदरात एखाद्याने स्वतःला बसवून घेतले, तरी जवारीचे प्रशिक्षण त्याला तेथे कोण देणार? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्यालय मिरजेतच आहे. गायनाच्या विद्यार्थ्याला प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत ठरलेल्या पायऱ्या आहेत, अभ्यासक्रम आहे, हातात प्रमाणपत्र आहे. त्याच गावात ज्या तंबोऱ्यावर ती परीक्षा द्यायची तो जुळवण्याचे शिक्षण मात्र अजून काकाच्या शेजारच्या पोत्यावर बसूनच घ्यावे लागते.

माझ्या मते हे काम घराण्याबाहेरच्या मुलामुलींसाठीही खुले व्हायला हरकत नाही. त्याला डिग्री लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. स्थिर हात, तल्लख कान आणि एकाच जागी बसण्याची तयारी लागते. गाण्याच्या क्लासमध्ये अशी मुले मी नेहमी पाहते, ज्यांचा गळा साधारण असतो पण सूर हलला की मान सर्वांआधी वर होते. त्यांना विशारदच्या परीक्षेला पुन्हापुन्हा बसवण्यापेक्षा कोणी कानस हातात दिली तर त्यांचे आणि आपलेही भले होईल. पुणे-मुंबईत असा एक जाणकार मनुष्य बसला तर त्याला कामाची ददात पडणार नाही, हे मी स्वतःच्या ओळखीतल्या तंबोऱ्यांवरूनच सांगू शकते. उस्तादांना मी हे बोलून दाखवले. बाहेरचा मुलगा शिकवायला त्यांची ना नाही. पण तो टिकेपर्यंत त्याला पोसायचे कोणी, असा त्यांचा सवाल होता, आणि सध्याच्या दरांत तो पोसला जाणार नाही हे उघड आहे. म्हणून दर वाजवीपेक्षा कमी आहेत हे मी सुरुवातीला स्तुती म्हणून लिहिलेले नाही. हजार-दोन हजार जास्त मोजणे मला परवडले असते, बहुतेक गिऱ्हाइकांनाही परवडेल.

ज्यांना मिरजेला वाद्य न्यायचे आहे त्यांच्यासाठी काही सूचना. कार्यक्रमांचा हंगाम तोंडावर आला असताना जाऊ नये. उन्हाळ्यात द्यावे आणि परतीची तारीख स्वतःच दोन महिने पुढची धरावी. आपली पट्टी नक्की सांगावी, कारण काळी एकसाठी काढलेली जवारी काळी चारला तशीच बोलत नाही. शक्य असेल तर अखेरच्या दिवशी स्वतः हजर राहून गाऊन पाहावे. उस्ताद त्याला कंटाळत नाहीत, उलट त्यांना ते हवे असते. वाद्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत.

एक गोष्ट राहिली. माझ्या दुसऱ्या तंबोऱ्याची जवारी पुतण्याने काढली होती, हे मला वाद्य घरी आणल्यावर, फोनवर बोलताना कळले. काम चांगले आहे, जोडाच्या तारा उत्तम मिळाल्या आहेत. खर्ज मात्र पहिल्या तंबोऱ्याइतका लांब चालत नाही आणि दोरा जरा जपून लावावा लागतो. हे सांगताच उस्तादांनी वाद्य परत पाठवा, पैसे न घेता मी करून देतो, असे म्हटले. मी पाठवलेले नाही. शिकाऊ हाताला खरी वाद्ये मिळाल्याखेरीज तो तयार होणार नाही, आणि माझा दुसरा तंबोरा त्यासाठी द्यायला मला काहीच अडचण नव्हती; आक्षेप एवढाच की ते आधी विचारायला हवे होते. वहीत नाव आणि फोन नंबर लिहिताना शेजारी काम कोणाच्या हातचे तेही लिहिले, आणि पुतण्याच्या कामाला दर थोडा कमी ठेवला, तर आपले वाद्य खुशीने त्याच्यापुढे ठेवणारी गिऱ्हाइके त्यांना नक्की भेटतील.